अनुक्रमांक नऊचा बाप्तिस्मा

प्रति,
मा. सचिव,
पाळक नेमणूक व चौकशी समिती,
वऱ्हाड ख्रिस्ती मंडळी संघ,
मध्यवर्ती कार्यालय, अमरावती.

अर्जदार : सूर्यभान तायडे, वय ६६, सेवानिवृत्त अव्वल कारकून (तहसील), रा. चांदूर बाजार, जि. अमरावती. पूर्णाकाठ ख्रिस्ती मंडळीचा बावीस वर्षे कार्यवाह. सध्या सभासद नाही.

विषय : पाळक श्री. श्याम इंगळे यांची धर्मशिकवण व पात्रता यांबाबतची तक्रार. प्रपत्र ‘ब’ सादर करणे आणि त्यातील अनुक्रमांक ९ बाबत विनंती.

संदर्भ : १) पाच माजी सभासद कुटुंबांचा संयुक्त अर्ज, दि. २ सप्टेंबर २०२४.
२) आपले पत्र, दि. १३ जानेवारी २०२५.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, पूर्णाकाठ मंडळीतील पाच कुटुंबांनी जून २०२४ मध्ये सभासदत्वाचे राजीनामे दिले आणि पुढे पाळक श्री. श्याम इंगळे यांच्याविरुद्ध आपल्याकडे तक्रार केली. तिचा मसुदा अर्जदाराने लिहिला. तहसील कार्यालयात चौतीस वर्षे लोकांचे अर्ज वाचून कोणत्या अर्जात दम आहे आणि कोणत्यात नुसता राग आहे, हे त्याला पहिल्या चार ओळींत कळते. आपल्या अर्जात दम आहे अशी त्याची खात्री होती. ती आजही आहे. मध्ये एक अडचण उभी राहिली आहे, एवढेच.

२. अडचण आपल्या पत्राने आणली. आपण कळवले आहे की, तक्रारदारांनी आरोपांचे पुरावे पुन्हा मांडावेत आणि सदर पाळकांच्या हातून झालेल्या सर्व विधींची यादी प्रपत्र ‘ब’ मध्ये भरून द्यावी. पाळक अपात्र ठरल्यास नियम १४ लागू होईल. म्हणजे त्यांच्या हातचे सर्व विधी, दफन वगळता, मुळातच झाले नाहीत असे समजले जाईल आणि रीतसर दीक्षा झालेल्या पाळकांच्या हस्ते ते नव्वद दिवसांत पुन्हा करावे लागतील. नियम उत्तम आहे. असे नियम अर्जदाराला आवडतात. यादीत तेरा नोंदी आहेत. त्यांपैकी बारा विधी ओढूनताणून का होईना, पुन्हा करता येतील. नववी नोंद अर्जदाराची पत्नी सुभद्राबाई हिच्या बाप्तिस्म्याची आहे. बाप्तिस्मा झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती वारली. तिचा बाप्तिस्मा पुन्हा करता येणार नाही.

३. तथापि आधी आरोप. ते सौम्य झाले आहेत असा समज होऊ नये.

पाळक श्री. इंगळे २०१९ मध्ये अकोल्याहून आले. पहिल्याच रविवारी त्यांनी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून देव एकच, हा सिद्धांत समजावला, तो त्यांच्याच शब्दांत असा : “मानूस एकच. घरी बाप, वावरात मालक अन् सोसायटीत मेंबर. पन मानूस एकच नं?” मागच्या सतरंजीवर बसलेल्या पंजाबरावांनी जोरजोरात मान हलवली. शिकवण चुकीची आहे हे अर्जदाराने तिथेच ओळखले, कारण तोपर्यंत पंजाबरावांना त्रैक्य कधीच कळले नव्हते. असल्या सोप्या उदाहरणांनीच मोठमोठ्या मंडळ्या भरकटल्या आहेत. अर्जदाराने त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवली. पाळकांनी हरकत वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “तायडेसाहेब, तुमचं अक्षर लय सुंदर हाय.” हे उत्तर होत नाही.

प्रार्थना करताना सदर पाळकांचे डोळे उघडे असतात. (हे पाहण्यासाठी अर्जदाराला स्वतःचे डोळे उघडावे लागले, हे मान्य आहे.) डोळे उघडे ठेवून ते लोकांकडे बघत असतात. कशासाठी बघतात, याचा खुलासा त्यांनी आजवर केलेला नाही.

त्यांच्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. उपदेश करताना ते पवित्र शास्त्रापेक्षा त्या वहीत जास्त डोकावतात. वहीत एखाद्या भलत्याच पंथाची शिकवण असावी असा माजी सभासदांना दाट संशय होता. सबब पाळक हात धुवायला गेले असता आमच्यापैकी माणिकबाई, वय ७१, यांनी ती उघडून पाहिली. तीत शिकवण आढळली नाही. कोणाला साखर आहे, कोणाची दाढ दुखते, कोणाची सून माहेरी गेली आहे आणि कोणासमोर हा विषय काढू नये, अशा नोंदी होत्या. अर्जदाराच्या नावापुढे “रागीट नाही. घाबरते” असे लिहिलेले होते. सभासदांची खाजगी माहिती त्यांना न विचारता लिहून ठेवणे कितपत योग्य, याचा समितीने विचार करावा. शिवाय अर्जदार घाबरत नाही.

सर्वांत गंभीर बाब शुभ शुक्रवारच्या उपदेशाची आहे. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराविषयी पाळक म्हणाले, “त्यानं बाप्तिस्मा कवा घेतला होता? हात तं खियले होते त्याचे. पन गेला नं तो प्रभूसंग स्वर्गात?” अर्जदार भर उपासनेत उभा राहिला आणि त्याने निदर्शनास आणून दिले की, ते प्रकरण अपवादात्मक होते. निर्णय प्रत्यक्ष प्रभूने स्वतःच्या अधिकारात दिला होता. वरिष्ठांनी विशेष बाब म्हणून दिलेली सूट खालच्या कर्मचाऱ्यांनी पूर्वदाखला म्हणून वापरायची नसते. कोणत्याही कार्यालयात असेच चालते. मंडळीत काही लोक हसले. सुभद्राबाई दाराशी बसली होती. ती हसली नाही. ती पाळकांकडेच बघत राहिली, हे अर्जदाराने तेव्हा पाहिले होते, पण त्याची नोंद घेतली नव्हती.

४. आता पात्रता. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर पाळकांचे प्रमाणपत्र चौकटीत लावले आहे, पण ते इतक्या उंचावर आहे की खालून कोणालाही वाचता येऊ नये. इथेच पाणी मुरते आहे हे अर्जदाराने ओळखले. त्याने स्टूल घेतले आणि चष्मा पुसून ते वाचले. अकोल्याच्या ‘सुवार्ता शास्त्र विद्यालया’ची ईश्वरविज्ञान पदविका. दिनांक १५ ऑगस्ट २०१०. अर्जदाराने घरी येऊन जुने पंचांग काढले. तो दिवस रविवार होता. रविवारही आणि स्वातंत्र्यदिनही. त्या दिवशी कोणते विद्यालय प्रमाणपत्रे वाटते? शिवाय विद्यार्थ्याचे नाव आणि प्राचार्यांची सही एकाच शाईत होती.

अर्जदार एस.टी.ने अकोल्यास गेला. पत्ता धान्यबाजारामागच्या एका गल्लीतला होता. त्या जागी ऑटोच्या सीटची कव्हरे शिवण्याचे दुकान आहे. मालक अब्दुल सत्तार यांनी चहा मागवला आणि पुढीलप्रमाणे सांगितले : “हाँ साहब, ऊपर के माले पे इसाई लोगां की क्लास चलती थी. ग्यारा जने थे. एक बूढ़े मास्टर पढ़ाते थे. दूसरे साल मास्टर गुजर गए, क्लास खतम. श्याम? वो तो दिन में मेरेच पास सीट सीता था. टाँका एकदम सीधा डालता था.” अर्जदाराने पात्रतेबद्दल विचारले होते, टाक्याबद्दल नाही. परंतु साक्षीदार प्रामाणिक वाटला.

परत आल्यावर अर्जदाराने पाळकांना लेखी प्रश्न विचारले. त्यांनी ते वाचून तोंडी उत्तर दिले : “खरं हाय. परीक्षेच्या आंधीच गुरुजी गेले. मंग आमी अकराही जनानं एकमेकाची परीक्षा घेतली अन् एकमेकाचं सर्टिफिकेट लिवलं. रविवारी लिवलं, कावून का बाकी दिवशी सगयेच कामावर जात.” अर्जदाराने विचारले की, असल्या परीक्षेत कोणी नापास होणे शक्य तरी होते काय. पाळक म्हणाले, “एक केला नं आमी नापास. त्याचं चर्च आता आपल्याहून लय मोठं हाय.”

हा कबुलीजबाब अर्जदाराने जसाच्या तसा लिहून त्यावर पाळकांची सही घेतली. ती त्यांनी आनंदाने दिली. आनंदाने सही देणारा माणूस अर्जदाराने नोकरीत कधी पाहिला नाही, त्यामुळे त्याचा संशय उलट वाढला. तो कागद सोबत जोडला आहे. पाळकांची पदविका बोगस आहे, हे आता स्वतः पाळकही नाकारत नाहीत.

५. येथवर सर्व सुरळीत होते. नंतर आपले प्रपत्र आले.

अर्जदाराने पाचही कुटुंबांना आपल्या ओसरीवर बोलावले. राजीनाम्यानंतर रविवारची उपासना तिथेच होते. दीक्षित पाळक नसल्यामुळे गेल्या नाताळात प्रभुभोजन झाले नाही. भाकर आणली होती, ती नुसतीच झाकून ठेवली होती. अर्जदाराने नियम १४ वाचून दाखवला. प्रथम सर्वांनी माना हलवल्या. मग एकेकाच्या लक्षात आले की हे आपल्याविषयी आहे.

माणिकबाईंचा बाप्तिस्मा (अनुक्रमांक ५) जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात पूर्णा नदीत झाला होता. त्यांनी दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्यास साफ नकार दिला : “त्याच डावी मेली असती मी थंडीनं. देवानं पयला डाव पाह्यला नसन तं त्याले चश्मा लावाले सांगा.” हे विधान जसेच्या तसे कळवावे असा त्यांचा आग्रह आहे.

शिवम आणि प्रणाली यांचा विवाह (अनुक्रमांक ३) सदर पाळकांनीच लावला. सरकारी नोंदणी वेगळी झाल्याने कायद्याची अडचण नाही. मंडळीपुरते वचन पुन्हा द्यायचे आहे. शिवम लगेच तयार झाला. प्रणाली म्हणाली, “मी नाही पयलेसारखं लगेच हो म्हननार. पाच वर्सं पाह्यलं म्या यांले. आठ दिवस द्या.” ते आठ दिवस मागच्या मंगळवारी संपले. तिने मुदतवाढ मागितली आहे. शिवमने तक्रारीवरील स्वतःची सही काढून घेता येईल काय, अशी विचारणा केली आहे.

पंजाबरावांची अडचण निराळी आहे. ते रोज पिणारे होते. २०२१ मध्ये पाण्यातून वर आले आणि त्या दिवसापासून त्यांनी थेंबाला शिवलेले नाही. नियम ऐकल्यावर त्यांनी विचारले, “बाप्तिस्मा झालाच नाही म्हनता, तं मंग माही सोडलेली दारू बी रद्द काय?” याबाबत नियमावलीत काहीच तरतूद आढळली नाही. त्यांच्या पत्नी पार्वताबाई दुसऱ्याच दिवशी अर्जदाराकडे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, तुमाले जे कराचं ते करा. त्या पास्टरले फासावर चढवा. पन माह्या मान्साचा नंबर तेवढा नका धाडू.” त्यांचा अंगठा घेतलेला स्वतंत्र अर्ज सोबत आहे.

तात्पर्य, पाळक अपात्र आहेत यावर पाचही कुटुंबांचे एकमत आहे, आणि आपापला अनुक्रमांक वगळावा यावरही.

६. आता अनुक्रमांक ९.

सुभद्राबाई शेतकरी हिंदू घरातली. १९९२ मध्ये अर्जदाराशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्यानंतर एकही रविवार न चुकवता ती प्रार्थनागृहात आली. मंडळीतली निम्मी गाणी तिला तोंडपाठ होती. नाताळचा स्वयंपाक तिच्याशिवाय चुलीवर चढत नसे. फक्त बाप्तिस्मा तिने घेतला नाही. पूर्णाकाठ मंडळीत बाप्तिस्मा नदीत पूर्ण बुडवून होतो, आणि सुभद्राबाईचा धाकटा भाऊ त्याच नदीत बुडाला होता. ती घोट्यापेक्षा खोल पाण्यात जात नसे. “पान्यात माहा भाऊ हाय,” असे ती म्हणे. होता असे नाही, हाय असे. दर बाप्तिस्म्याच्या वेळी ती काठावर सर्वांचे कोरडे कपडे हातावर घेऊन उभी राहायची. माणिकबाईंचे ओले डोके तिनेच पुसले.

१९९६ मध्ये मंडळीतल्या ज्येष्ठांच्या वडीलमंडळासमोर प्रश्न आला की, बाप्तिस्मा न घेतलेल्या, पण नियमाने येणाऱ्या व्यक्तीस प्रभुभोजनात भाग द्यावा काय. ठराव क्रमांक ४ अन्वये देऊ नये असे ठरले. ठरावाचा मसुदा अर्जदाराने लिहिला. त्यात कोणाचे नाव नव्हते, पण तशी व्यक्ती मंडळीत एकच होती. घरी आल्यावर अर्जदाराने तिला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “बराबर हाय जी. नेम तो नेम.” त्यानंतर अठ्ठावीस वर्षे प्रभुभोजनाची थाळी तिच्यापर्यंत येत असे. ती थाळी दोन्ही हातांनी घेई आणि शेजारच्या बाईकडे देई. तिने त्यातला भाकरीचा तुकडा कधी उचलला नाही आणि थाळी कधी नुसती पुढे ढकलली नाही.

तिचे मूत्रपिंड निकामी झाले. मार्च २०२४ मध्ये तिला अकोल्यातील एका दवाखान्यात ठेवले होते. बुधवार, दि. ६ रोजी अर्जदार खाली रिपोर्ट आणायला गेला. वर आला तेव्हा पाळक श्री. इंगळे खाटेजवळ उभे होते, आणि सुभद्राबाईचे केस व उशी ओली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर तिचा औषध घेण्याचा स्टीलचा पेला रिकामा पडला होता. ती हसत होती. आजारपणात ती तशी हसली नव्हती. म्हणाली, “झालं जी. इतकुसंच होतं.”

अर्जदार येथे खरे ते सांगतो. त्या क्षणी त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला राग आला. इतकुसंच होते, तर ती अठ्ठावीस वर्षे दाराशी का बसली? या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नसले की अर्जदार नियम काढतो. त्याने पाळकांना जिन्यात गाठले. पूर्ण बुडवणे नाही, जलाशय नाही, साक्षीला वडीलमंडळातले दोघे नाहीत; हे कोणत्या अधिकारात केले, असे विचारले. पाळक म्हणाले, “तिनं मांगतलं. मी पानी घातलं. बाकी तुमी लिवा.” आणि ते बस गाठायला निघून गेले.

ते प्रमाणपत्र, ते स्टूल, ती अकोल्याची चौकशी, हे सर्व त्या जिन्यापासून सुरू झाले. माजी सभासदांचा संशय आधीपासूनचा असेल. अर्जदाराच्या संशयाला तारीख आहे.

७. बाप्तिस्म्याचे रजिस्टर अर्जदाराच्या ताब्यात आहे. राजीनाम्यानंतर मंडळीने ते दोनदा परत मागितले. त्याने दिलेले नाही, याबद्दल तो दिलगीर आहे. रजिस्टरचे रकाने त्यानेच आखले आहेत. त्यात एक रकाना ‘जलाशयाचे नाव’ असा आहे आणि एक ‘पूर्ण बुडवले : होय / नाही’ असा.

गुरुवारी सुभद्राबाईने विचारले, “लिवलं काय जी रजिस्टरमंदी?” अर्जदार म्हणाला, लिहितो. रजिस्टर चांदूर बाजारला होते, ही सबब खरी होती. शुक्रवारी तिने पुन्हा विचारले. तिला चौथी इयत्ता झाली होती आणि स्वतःचे नाव कुठे लिहिलेले दिसले की ती त्यावरून बोट फिरवून पाहत असे. रेशनकार्ड असो की मतदारयादी. अर्जदार पुन्हा म्हणाला, लिहितो. शनिवारी सकाळी ती गेली. रविवारी पूर्णाकाठी दफन झाले. घरी येऊन अर्जदाराने रजिस्टर उघडले, तारीख घातली आणि ‘जलाशयाचे नाव’ या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. तो अजून थांबलेलाच आहे.

आपले प्रपत्र ‘ब’ भरताना अनुक्रमांक ९ पुढे त्याने लिहिले : सुभद्राबाई सूर्यभान तायडे, बाप्तिस्मा, दि. ६ मार्च २०२४. लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की, तिचा बाप्तिस्मा झाल्याचे त्याने आयुष्यात पहिल्यांदा लिहिले आहे, आणि ते रद्द करावयाच्या यादीत लिहिले आहे.

त्या दिवशी अर्जदार जेवला नाही. एवढे अर्जात लिहिण्याचे कारण नाही, पण लिहिले आहे.

८. माणिकबाईंना हा मसुदा वाचून दाखवला असता त्या म्हणाल्या, “एवढं लांबडं कायले लिवता, भाऊ? रजिस्टर तुमच्याच घरी हाय. पेन तुमचाच हाय. लिवून टाका नं!” परंतु अर्जदार आता कार्यवाह नाही. अधिकार नसलेल्या माणसाने केलेली नोंद टिकत नाही. बोगस पदविकेच्या पाळकाने घातलेले पाणी आणि राजीनामा दिलेल्या कार्यवाहाने केलेली नोंद. सुभद्राबाईच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी कच्चाच कागद यावा, हे अर्जदाराला सोसणार नाही. तिची नोंद पक्की हवी. आदेशाने हवी. त्यावर जावक क्रमांक हवा.

सबब विनंती की :

(अ) अनुक्रमांक ९ ची नोंद नियम १४ मधून वगळून कायम ठेवावी. नियमात दफन वगळले आहे. म्हणजे मेलेल्यांना पुन्हा त्रास देऊ नये, असाच नियम करणाऱ्यांचा हेतू असला पाहिजे. बाप्तिस्मा घेऊन तिसऱ्या दिवशी कोणी मरेल, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

(ब) यासाठी आधार लागल्यास वर परिच्छेद ३ मधील चोराचे प्रकरण पाहावे. त्या प्रकरणी वरिष्ठांनी विशेष बाब म्हणून सूट दिली होती. ते पूर्वदाखला म्हणून वापरता येत नाही, असे अर्जदाराने मंडळीसमोर उभे राहून सांगितले होते. ते तो मागे घेतो.

(क) पाळक अपात्र ठरवून एकच नोंद ठेवता येत नसेल, तर पाळकांना पात्र ठरवावे. त्यांच्याविषयी अर्जदाराचा संशय तसूभरही कमी झालेला नाही. त्रैक्याचे उदाहरण चुकीचेच आहे आणि प्रार्थनेत डोळे मिटलेच पाहिजेत. पण ते पात्र ठरत असतील, तर अर्जदाराची हरकत नाही. इतर चार कुटुंबांचीही नसावी.

(ड) रजिस्टरमध्ये ‘जलाशयाचे नाव’ या रकान्यात ‘पेला’ असे लिहिण्यास अर्जदारास लेखी परवानगी मिळावी.

निर्णय लवकर द्यावा. दि. ६ मार्चला वर्ष होते. त्या दिवशी अर्जदार पूर्णाकाठी तिच्या कबरेवर जाणार आहे. ती विचारील असे नाही. पण विचारलेच, तर तिसऱ्यांदा ‘लिहितो’ म्हणण्याची त्याची तयारी नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
सूर्यभान तायडे
चांदूर बाजार
दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) प्रपत्र ‘ब’, तेरा नोंदींसह.
२) पाळक श्री. श्याम इंगळे यांचा सही असलेला कबुलीजबाब.
३) पार्वताबाई यांचा अंगठा असलेला अर्ज.
४) ठराव क्रमांक ४ (सन १९९६) ची प्रत. अक्षर अर्जदाराचे.
५) बाप्तिस्मा रजिस्टरच्या शेवटच्या पानाची छायांकित प्रत. तारखेपुढची ओळ मोकळी आहे.
६) स्टीलचा पेला, एक. जोडलेला नाही. समितीने बोलावल्यास अर्जदार स्वतः घेऊन येईल व दाखवून परत नेईल. जमा करता येणार नाही.